पान एकोणीस

ह्यांच्या वहीत वाटांचे तीनच प्रकार :
सोपी, बरी,
आणि ‘घरी सांगून निघणे’.
(घरी म्हणजे मला. सांगून मात्र कधी निघाले नाहीत.)

चोरलकाठची ही सोपीत.
काळाकुंड स्टेशनापासून मोडक्या बंधाऱ्यापर्यंत,
साडेतीन किलोमीटर, सायकलच्या चाकाने मोजलेले.
ते सुटं चाक ढकलत हे जंगलातून चालायचे
आणि पोरं मागे लागायची,
बा साब, बाकी की साइकिल कहाँ छोड़ आए?

महूहून गाडीत बसले तेव्हा
पिशवीत वही, चष्मा, शेव-परमलचा पुडा,
आणि लेकीला मारलेली थाप, की देवळात चाललेय.

स्टेशनावर गेंदालाल. कलाकंदाची पाटी तीच,
वरचं फडकंही तेच असावं.
निगुडकर साब नहीं आए?
नाही आले, म्हटलं.
मार्गशीर्षात गेले, हे त्या एवढ्याशा फलाटावर
कुठे मावणार होतं.
त्यानं सवयीनं दोन द्रोण बांधले :
एक इथे खायला, एक घरी न्यायला.
घरी यायचा तो अर्धाच असायचा.

फाल्गुन आहे. सागाची पानं पायाखाली
पापडासारखी मोडतात,
एवढ्या मोठ्यानं, की मागून कोणी येत असेल
तर कळायचं नाही.
थांबलं की आवाज थांबतो.
दोनदा थांबून पाहिलं.

वही सांगते :
तिसऱ्या वळणाला अर्जुन, बुंधा पांढरा, त्याला डावीकडे ठेवणे.
पुढे खाखरा, एकच, पण नजरेतून सुटणार नाही.
(पळसाला इकडे खाखरा म्हणतात.
चव्वेचाळीस वर्षं इंदुरात काढून मला आज कळतंय.)
काळ्या दगडांवर शेवाळ, चपला हातात घेणे.
पाणी दोनदा ओलांडायचं, घोट्याइतकं.
बसायला सपाट शिळा, दोघांपुरती.

दोघांपुरती.
त्या शब्दावरून ओलं बोट फिरवलं,
शाई पसरली नाही. जुनी होती.

पहिलं पाणी घोट्याइतकंच निघालं.
दुसऱ्यात मधोमध पाऊल टाकलं
आणि साडी गुडघ्यापर्यंत गेली.
समोरून एक बाई येत होती, डोईवर मोहाची टोपली.
तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, हसली,
टोपली न सावरता हात पुढे केला.
धरला मी.
ही वाट सोपी की अवघड, तिला विचारलं नाही.
ती बाजाराला निघाली होती.

शिळा आहे. खरंच सपाट आहे.
पाय वाळवत पान खालपर्यंत वाचलं.
समासाच्या रेघेपलीकडे, पेन्सिलीनं, बारीक :
कुमुदला जमेल.

मग विचारायचं होतं ना एखाद्या रविवारी!
पोहे नसते केले त्या दिवशी.
गुडघाही तेव्हा धड होता.
हो म्हटलं असतं का, कोण जाणे,
बहुतेक नाहीच म्हटलं असतं,
कपड्यांची बादली दाखवली असती,
पण विचारायचं होतं.

खंड्या एकदा पाण्यात गेला, रिकामाच वर आला,
पुन्हा त्याच फांदीवर बसला.

पिशवीत हिशेबाची पेन्सिल होती.
‘घोट्याइतकं’ खोडलं.
‘गुडघ्याइतकं’ लिहिलं. पुढे, ‘माझ्या’.
ह्यांची चूक ह्यांच्याच वहीत सुधारताना
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडीला वेळ होता. द्रोण सोडला, पान उलटलं.
वीस. बरी.
एक चढ, पण छोटा.
अंतर : कोरं.
खाली एवढंच, की चाकात हवा भरून घेणे.

चाक गच्चीवर आहे, पाण्याच्या टाकीमागे.